नाट्यवाचनाला यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्याजवळच्या एका जुन्या घराच्या वसरीवर, म्हणजे ओसरीवर, आम्ही काही जण एक रविवार सोडून एक रविवार जमतो आणि जुनी मराठी नाटकं मोठ्याने वाचतो. देवळात, बाजारात, लग्नाच्या पंगतीत कुणी भेटलं की विचारपूस होते, फोनही येतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे, विचारणाऱ्यांच्याच शब्दांत घेतले आहेत.

नाट्यवाचन म्हणजे नेमकं काय करता? नाटक बसवता का?

नाटक बसवत नाही. गोलाकार बसतो, पात्रं वाटून घेतो, संहिता हातात धरतो आणि पहिल्या अंकापासून वाचायला लागतो. पाठांतर नाही, हालचाली नाहीत, वेशभूषा नाही, प्रयोगाची तारीखही नाही. वाचता वाचता कुणाला एखादा शब्द अडला तर थांबतो, अर्थ लावतो, पुढे जातो. अंक संपला की चहा घेतो आणि जे वाचलं त्यावर बोलतो. चांगलं वाक्य आलं की ते परत एकदा वाचायचा आग्रह होतो, आणि तो आम्ही मोडत नाही.

मला अभिनय येत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनानंतर स्टेजवर पाऊलही ठेवलेलं नाही. चालेल का?

चालेल. इथे सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो कान. तुमच्या आधीचा माणूस काय बोलला आणि कसं बोलला ते नीट ऐकलंत, तर तुमचं वाक्य आपोआप योग्य सुरात येतं. पुढचं वाक्य आपलं आहे म्हणून त्यावर बोट ठेवून वाट बघत बसलं की समोरच्याचं बोलणं कानावरून जातं, आणि मग उत्तर भलत्याच चढ्या आवाजात येतं. हे पहिल्या दोन-तीन भेटींत सगळ्यांचंच होतं, नंतर जातं.

जत्रेच्या नाटकात वर्षानुवर्षं कामं केलेली माणसंही आमच्यात आहेत. त्यांना उलटा त्रास होतो. दूरवरच्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायची सवय असते आणि इथे समोरचा चार हातांवर बसलेला असतो. आवाज खाली आणायला त्यांना वेळ लागतो. म्हणजे शिकायचं सगळ्यांनाच असतं.

नुसतं ऐकायला आलं तर चालेल?

हो, कितीही वेळा. वाचा म्हणून कुणी मागे लागणार नाही.

कधी, कुठे, आणि फी किती?

रविवारी दुपारी 4 ते साधारण 6:30. लांबून येणाऱ्यांना परतीची बस मिळावी म्हणून वेळ संपली की प्रवेश अर्धा असला तरी थांबतो. फी नाही. चहा घरचे करतात, सोबतचं खाणं पाळीपाळीने कुणीतरी आणतं. पाचच्या सुमारास पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकू आला की एक जण उठून उंडे (गोल पाव) घेऊन येतो आणि तेवढ्यापुरतं त्याचं पात्र शेजारचा वाचतो.

जुनी नाटकं म्हणजे कुठली?

मुख्यतः 1880 ते 1920 या चाळीस वर्षांतली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात रंगभूमीवर आले, 1882 साली ‘सौभद्र’ आलं. मग देवलांचं ‘शारदा’ 1899चं आणि ‘संशयकल्लोळ’ 1916चं. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ 1907चं. महाभारतातल्या कथेआडून इंग्रज सरकारवर बोट ठेवल्यामुळे 1910 साली त्यावर बंदी आली. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ 1919चं. गडकरी त्याच वर्षी 23 जानेवारीला गेले, पुढच्याच महिन्यात ते रंगभूमीवर आलं. स्वतःचं सगळ्यात गाजलेलं नाटक त्यांनी रंगमंचावर पाहिलंच नाही.

नव्या माणसाने ‘संशयकल्लोळ’पासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. वाक्यं छोटी आहेत, गैरसमज भराभर वाढतात आणि एका तसबिरीपायी दोन घरं कशी ढवळून निघतात ते वाचताना पुढे काय हे बघायची घाई होते. पात्रांची नावंही मजेची: फाल्गुनराव, अश्विनशेठ, कृत्तिका, रेवती, भादव्या. सगळी महिन्यांवरून नाहीतर नक्षत्रांवरून. याचं मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरकडे जातं. इंग्रजीतून ते देवलांकडे आलं आणि त्यांनी ते इतकं मराठी करून टाकलं की परकेपणाची खूण उरली नाही.

ही नाटकं पुण्या-मुंबईची. गोव्यात ती वाचण्याचं काय प्रयोजन?

हा प्रश्न तरुण मुलं विचारतात, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. मास्टर दीनानाथ मंगेशकर इथल्या मंगेशीचे. 1918 साली उभ्या राहिलेल्या बलवंत संगीत मंडळीत ते होते आणि गडकऱ्यांचं ‘भावबंधन’ याच मंडळीने रंगभूमीवर आणलं. पणजीच्या कला अकादमीतल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. पण मोठी नावं बाजूला ठेवली तरी अंत्रुज महालातल्या, म्हणजे या फोंडा भागातल्या, कुठल्याही गावात विचारा. देवळाच्या जत्रेला नाटक करायचं, गावातल्याच माणसांनी करायचं, ही इथली रीत आहे. शेतात राबणारा, दुकान चालवणारा, शाळेत शिकवणारा, सगळे त्या रात्री राजे आणि ऋषी होत आले.

आमच्यात ऐंशीच्या पुढच्या एक आजी येतात. त्यांनी ‘एकच प्याला’ कधी वाचलेलं नव्हतं. तिसऱ्या अंकात सिंधूचं, म्हणजे नायिकेचं, एक लांब वाक्य वाचणारीने घाईत अर्धंच वाचलं. आजी डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला आणि राहिलेलं अर्धं वाक्य तसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्यांचे वडील गावच्या नाटकात सिंधू करायचे. सुपाऱ्या सोलता सोलता ते नक्कल, म्हणजे आपल्या पात्राची वाक्यं, पाठ करायचे आणि ही सात-आठ वर्षांची मुलगी शेजारी बसून ऐकायची. ते वाक्य सत्तर वर्षं तिच्यापाशी होतं. इथे हे वाचण्याचं प्रयोजन मला त्या दिवशी नीट कळलं.

घरी आम्ही कोंकणी बोलतो. माझी मराठी तुमच्या कानाला खटकणार नाही ना?

आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी कोंकणीच बोलतात. चहाच्या वेळी आमचं बोलणंही कोंकणीतच चालतं, आणि पुस्तक उघडलं की मराठी. त्यात कुणालाच काही वेगळं वाटत नाही.

उलट एक फायदा सांगतो. देवल-गडकऱ्यांच्या जुन्या आवृत्त्यांत ‘तें’, ‘केलें’, ‘माझें’ अशी अनुस्वार दिलेली रूपं असतात. 1962 सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर मराठी छपाईतून ते अनुस्वार गेले. आजच्या मराठी वाचकाला ती टिंबं डोळ्यांत खुपतात. कोंकणी बोलणाऱ्याला मात्र ती घरचीच वाटतात, कारण आपण आजही ‘केलें’ हे नाकातूनच म्हणतो. आमच्यातल्या एकाने ‘शारदा’तलं एक पान तसं अनुस्वारासकट वाचलं तेव्हा वाक्यांना जी गोलाई आली ती सगळ्यांनी लक्षात ठेवली आहे. आपला हेल लपवू नका. फक्त वाक्याचा शेवट गिळू नका. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि तेच ऐकू आलं नाही तर समोरच्याने उत्तर कशाला द्यायचं?

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं. देवनागरी वाचता येते, पण सावकाश.

येण्याआधी फोन करा. पुढच्या वेळी कुठले प्रवेश होणार ते सांगतो, घरी एकदा मोठ्याने वाचून या. सुरुवातीला नोकराचं, दूताचं, शेजारणीचं अशी दोन-चार वाक्यांची पात्रं घ्या. जोडाक्षराला अडलात तर शेजारचा हळूच सांगेल. आमच्यातली एक कॉलेजची मुलगी अशीच आली आणि वर्षभरात तिने ‘शारदा’तल्या भद्रेश्वर दीक्षिताची लांबलचक भाषणं एका दमात वाचून दाखवली.

पात्रं कोण वाटतं? पुरुषाने बाईचं पात्र वाचलं तर?

त्या दिवशीचा सूत्रधार वाटतो, आणि सूत्रधार दर भेटीला बदलतो. मोठी पात्रं अंकागणिक दुसऱ्याकडे देतो. त्यामुळे एकाच ‘एकच प्याला’त पाच सुधाकर होऊन जातात आणि पहिल्या अंकातला हुशार वकील पाचव्यात कुठल्या थराला पोचला ते पाच वेगळ्या आवाजांत ऐकायला मिळतं.

बाई-पुरुष हा भेद वाचनात पाळत नाही. ही नाटकं रंगभूमीवर आली तेव्हा स्त्रीपात्रं पुरुषच करत होते. आता बायका ‘एकच प्याला’तला दारुडा तळीराम वाचतात आणि फार चांगला वाचतात. वय, जात, रंगरूप यांचाही विचार नाही. एवढंच बघतो की मागच्या वेळी ज्याला दोनच वाक्यं मिळाली त्याला या वेळी जास्त मिळावीत.

पदं गाता का? मला गाता येत नाही.

संगीत नाटकाचं वाचन करताना सगळ्यात मोठा पेच हाच. पदं वगळली तर नाटक लंगडं होतं, कारण कित्येकदा पात्राच्या मनातली खरी गोष्ट पदातच असते. सगळी गायली तर तीन भेटींचं नाटक आठ भेटींवर जातं आणि न गाणारे कोपऱ्यात बसून राहतात.

बऱ्याच प्रयत्नांनंतर आम्ही ठरवलं ते असं. प्रत्येक पद आधी कवितेसारखं वाचायचं, अर्थ कळेल अशा बेताने, ओळ न तोडता. मग कुणाला चाल येत असेल आणि मनापासून वाटत असेल तर त्याने गावं. एका अंकात फार तर दोन पदं गायची. पेटी आणत नाही. पेटी आली की मैफल सुरू होते आणि संहिता मांडीवर पडून राहते, हे आम्ही अनुभवलं आहे.

आधी वाचून मग गाण्याने एक गोष्ट घडली. लहानपणापासून ऐकलेल्या पदांचे शब्द पहिल्यांदा कळले. तान आणि आलापांत शब्द विरघळून जायचे. कोरडे वाचल्यावर लक्षात आलं की ‘शारदा’तली देवलांची पदं म्हणजे साध्या घरातल्या साध्या मुलीचं बोलणं आहे, त्यात एकही शब्द मिरवायला घातलेला नाही. ‘एकच प्याला’ची पदं गडकऱ्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत. गद्य आणि पदं लागोपाठ वाचली की दोन हात वेगळे आहेत हे कानाला जाणवतं.

कंसातल्या रंगसूचना आणि स्वगतं कशी वाचता?

रंगसूचना सूत्रधार वाचतो, सपाट आवाजात. ‘रडत’, ‘रागाने’ असल्या सूचना वाचत नाही, त्या वाचणाऱ्याने आवाजात आणायच्या. कुणाचा प्रवेश, कुणाचं जाणं, कुणाच्या हातात काय दिलं हे मात्र वाचावंच लागतं. ‘संशयकल्लोळ’मध्ये तसबीर आत्ता कुणाच्या हातात आहे हे चुकलं तर पुढची चार पानं कळत नाहीत. म्हणून आम्ही एक पोस्टकार्ड तसबीर म्हणून ठेवलं होतं आणि ते खरोखर एकमेकांच्या हातात देत होतो.

स्वगत आलं की वाचणारा मान खाली घालतो. ही खूण पुरते.

पुस्तक विकत घ्यावं लागतं का? कुठे मिळेल?

घ्यावंच असं नाही. दोघांत एक पुस्तक चालतं. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, तिथे मराठी पुस्तकांचा मोठा संग्रह आहे. गावच्या वाचनालयाच्या कपाटातही बघा, जुनी नाटकं बरेचदा सगळ्यात खालच्या फळीवर असतात.

अडचण आवृत्त्यांची. एकाचं पान 42 म्हणजे दुसऱ्याचं 57. म्हणून पानाचा आकडा सांगत नाही, अंक आणि प्रवेश सांगतो. काही आवृत्त्यांत प्रयोगासाठी काटछाट केलेली असते. अचानक कुणी तरी ‘माझ्याकडे हे नाहीच’ म्हणतं. तेव्हा ज्याच्याकडे जास्त मजकूर आहे त्याची आवृत्ती धरायची.

एक नाटक किती भेटींत संपतं? मधली एखादी चुकली तर?

पाच अंकी नाटक तीन, कधी चार भेटींत. गडकऱ्यांना जास्त वेळ लागतो, कारण त्यांची वाक्यं लांब असतात आणि दर पानावर कुणीतरी ‘थांबा, परत वाचा’ म्हणतं. भेट चुकली तर चिंता नको, सुरुवातीला पाच मिनिटं मागची गोष्ट सांगतो. ती सांगायचं काम मागच्या वेळी नुसतं ऐकणाऱ्यांपैकी एकाकडे असतं, आणि ते वाचणाऱ्यांपेक्षा नीट सांगतात.

जुन्या नाटकांत बायकांबद्दल, जातींबद्दल जे लिहिलंय ते आजही तसंच वाचता?

तसंच वाचतो, शब्द बदलत नाही. पण वाचून पुढे निघूनही जात नाही.

सिंधूचंच घ्या. नवरा दारूपायी घर धुळीला मिळवतो आणि ती शेवटपर्यंत त्याच्यावर दोष येऊ देत नाही. एका भेटीत सिंधू वाचणारी बाई मध्येच थांबली आणि म्हणाली, हे मला पुढे वाचवत नाही. आम्ही पुस्तकं मिटली. तिने बरंच काही सांगितलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढच्या भेटीला तिनेच तो प्रवेश मागून घेतला आणि एकही शब्द न बदलता असा वाचला की सिंधूचा सोसण्याचा मोठेपणा ऐकू येण्याऐवजी तिची अडचण ऐकू आली. माहेरी कसं जायचं, लोक काय म्हणतील, मुलाचं काय होईल. संहितेत हे सगळं आहेच. शब्द गाळले असते तर ते कुणालाच दिसलं नसतं.

‘शारदा’ वाचताना वाद वेगळा होतो. पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याला कोवळी पोर द्यायची, आणि बाप पैसे मोजून घेणार. इथे एक गैरसमज दर वेळी निघतो, म्हणून सांगतो. 1929चा ‘शारदा कायदा’ या नाटकावरून नाव पडलेला नाही. तो कायदा पुढे नेणाऱ्या हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून पडला. नाटक त्याच्या तीस वर्षं आधीचं.

जातिवाचक शिवीसारखा शब्द आला तर कुणाला तो उच्चारायचा नसेल तर न उच्चारण्याची मुभा आहे. सूत्रधार तो शब्द वाचतो आणि चहाच्या वेळी त्यावर बोलणं होतं. ज्यांना तो शब्द प्रत्यक्ष ऐकावा लागलेला आहे त्यांनी आधी बोलायचं, एवढा एकच नियम.

मुलांना आणू का?

दहा-बारा वर्षांच्या पुढची आणा. ‘सौभद्र’ आणि ‘संशयकल्लोळ’ त्यांना आवडतात. ‘एकच प्याला’चा शेवट जड आहे, त्यात तान्ह्या मुलाचा मृत्यू आहे. तेव्हा आई-वडिलांनी आधी स्वतः वाचून ठरवावं.

शेक्सपिअर किंवा संस्कृत नाटकं वाचता का?

मराठीतून वाचतो. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ 1883 साली केलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’चं ‘झुंजारराव’ 1890 साली. ‘झुंजारराव’ तोंडात छान बसतं. ‘विकारविलसित’ची भाषा जड आहे, एका भेटीत एक अंकही कसाबसा होतो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’चं देवलांनी केलेलं मराठी रूप मात्र जरूर वाचावं. चोराला भिंतीला भोक पाडताना त्या कलेचं कौतुक वाटतं, हा प्रवेश मोठ्याने वाचायलाच हवा.

‘नटसम्राट’ का घेत नाही? परवानगी लागते का?

लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं आपल्याकडे स्वामित्वहक्क असतो. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर यांची नाटकं केव्हाच सर्वांची झाली. मामा वरेरकर 1964 साली गेले, त्यांची 2025पासून मोकळी झाली. शिरवाडकर 1999 साली गेले, म्हणजे ‘नटसम्राट’वर 2059 अखेरपर्यंत हक्क आहे.

तरी हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या सादरीकरणाला 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52मध्ये सूट आहे. घरात बसून वाचणं त्याहून साधं. म्हणून आम्ही वर्षातून एक-दोन नवी नाटकं घेतो. पण सबंध पुस्तकाच्या झेरॉक्स काढून वाटणं या सुटीत बसत नाही. नव्या नाटकाची पुस्तकं विकतच घेतो. तिकीट लावून वाचन करायचं असेल तर हक्कधारकाची लेखी परवानगी घ्यावी.

मोबाइलवर रेकॉर्ड करून घरच्यांना पाठवू का?

जुन्या नाटकांना कायद्याची अडचण नाही, नव्यांना आहे (वरचं उत्तर पाहा). पण आम्ही कुठलंच रेकॉर्डिंग करत नाही. मोबाइल समोर आला की माणसं जपून वाचतात, आणि चहाच्या वेळचं बोलणं तर बंदच होतं. सिंधूबद्दल वर जे सांगितलं ते रेकॉर्डिंग चालू असताना घडलं नसतं.

डोळ्यांना नीट दिसत नाही. तरी भाग घेता येईल?

येईल. तुमच्या शेजारी बसणारा हळू आवाजात एकेक वाक्य सांगतो, तुम्ही ते मोठ्याने म्हणायचं. नाटकातल्या विंगेतल्या प्रॉम्प्टरसारखंच. गतीत फरक पडतो, पण ऐकणाऱ्याला तो लवकरच जाणवेनासा होतो.

पावसात बंद असतं का?

चालू असतं. वसरीवर पत्रे आहेत, जुलैत पावसाचा आवाज इतका होतो की एकमेकांचे गुडघे लागतील इतकं जवळ सरकून बसतो. वीज गेली तर समई लावतो. बंद असतं ते चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, दिवसांत, आणि जत्रांच्या हंगामात अधूनमधून, कारण तेव्हा निम्मी मंडळी आपापल्या गावच्या तालमीला असतात.

आमच्या गावात असं सुरू करायचंय. किती माणसं लागतील?

पाच. चारांत पात्रं वाटताना एकेकाला स्वतःशीच भांडावं लागतं, बारांपुढे गेलात तर बरेच जण नुसते बसून राहतात. सभागृह शोधू नका, घरच बघा. पहिल्या दिवशी सगळं नाटक हाती घेऊ नका. ‘संशयकल्लोळ’चा पहिला अंक वाचा, चहा घ्या, दुसऱ्या अंकाची तारीख तिथेच ठरवून उठा. पुस्तकं हवी असतील तर आमच्याकडे सहा प्रती आहेत, महिनाभर देऊ. कोऱ्या कागदाची कव्हरं घातली आहेत, तेवढी सांभाळा.